मोटाई बीस एमएम

अच्युत देवपुजारींनी प्रयोगाच्या नव्या पेटीच्या फटीत मोजपट्टी घातली आणि ते हसूच लागले. फट होती तेवढीच होती, दहा मिलिमीटर. जाड झाल्या होत्या त्या भिंती.

शमिकाचा चेहरा उतरला. आनंद नगरच्या अॅक्रिलिकवाल्याला तिने फोनवर "मोटाई बीस एमएम" सांगितलं होतं. तिला म्हणायची होती बेडची जाडी, म्हणजे दोन पारदर्शक भिंतींमधलं अंतर, जिथे वाळू भरायची. त्या बापड्याने जुन्या पेटीची फट तशीच ठेवून शीट तेवढी वीसची लावली. जाब विचारला तर म्हणाला, "मॅडम, मोटाई तो बीस ही है."

खालून हवा सोडली की एका वेगाला वाळू सुटी होते आणि पिठल्यासारखी रटरटू लागते. भिंती जवळजवळ असल्या की वाळू त्यांना धरून बसते, तिला उठवायला हवा जास्त लागते. फट रुंदावली की काय होतं, हे शमिकाच्या पीएचडीचं शेवटचं प्रकरण. ते महिनाअखेरीच्या आत व्हायला हवं होतं, कारण मग तिचे गाइड देवपुजारी सर निवृत्त होणार आणि कॉलेजच्या नियमाप्रमाणे गाइड बदलणार. सरांचे आधीचे विद्यार्थी अर्ध्यातच नोकरीला लागलेले. त्यांच्या हाताखाली पूर्ण होणारी ही पहिलीच पीएचडी, आणि अर्थात शेवटची. सर त्याबद्दल कधी बोलत नसत, पण त्यांचा जीव त्यात किती अडकलाय हे शमिकाला ठाऊक होतं.

"आलीच आहे, तर चालवून बघू," सर म्हणाले.

तीच वाळू, तीच फट, तेव्हा आकडेही तेच यायला हवे होते. पण ज्या वेगाला जुन्या पेटीतली वाळू उसळायची, त्या वेगाला ही ढिम्म हलेना. बरीच जास्त हवा दिली तेव्हा कुठे उठली. सरांनी जुन्या पेटीत हवा सोडली आणि तिच्या पातळ भिंतीवर तळहात ठेवला. भिंत हाताला बाहेर ढकलत होती. म्हणजे इतके दिवस ती फुगत होती, फट मोठी होत होती, आणि शमिकाचे सगळे आकडे त्या फुगलेल्या फटीचे होते.

शमिकाने हवा बंद केली.

"सर, ही पेटी चुकीचीच बनलीये," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "परत पाठवून देते. हिचे आकडे कशाला धरायचे?"

अच्युतरावांना क्षणभर फार बरं वाटलं. इतकं, की मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी तिला जुनी पेटी रिकामी करायला सांगितलं. सगळे प्रयोग पुन्हा करायचे म्हणजे सहा महिने सहज जातील. ती रडवेली होऊन म्हणाली, तोवर तुम्ही नसाल. चहाला येईन की, ते म्हणाले.

मग त्यांनी विभागातल्या धाकट्या प्राध्यापिकेला, मंजूषाला, फोन लावला.

"मंजूषा, एक मुलगी द्यायची आहे तुझ्याकडे."

मंजूषाही सरांसारखीच नागपूरकडची, थट्टेला तयार. तिने लगेच वरमाईचा आवाज काढला.

"मुलीत काही खोट नाही ना, सर?"

शमिका पाठमोरी बसून वाळू बादलीत ओतत होती. सर तिच्याकडे बघत राहिले.

"एकच आहे," ते म्हणाले. "माणसांवर माया फार करते. तेवढं सांभाळून घे."