लेथवर काढलेला मोर

यंत्र हे राष्ट्राचं हृदय आहे, असं भैंसा गावच्या समाजमंदिराच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. हृदय मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होतं.

कापसाच्या जिनिंग मिलमधून भंगारात काढलेला तो लेथ रिटायर टर्नर भिवाजींनी उन्हाळाभर खपून चालू केला. लोखंड कातायचं शिकायला चारजण आले. त्यांत जिनिंगमधून कमी केलेला, दोन लेकरांचा बाप चंपत होता. सोमवारी निर्मलच्या एका वर्कशॉपात नोकरीसाठी त्याला कामाचा हात दाखवायचा होता. त्याआधी एक तरी पिन त्याच्या हातून कातून घ्यायची, असं भिवाजींनी ठरवलं होतं.

रविवारी मंत्री उद्घाटनाला येणार होते. भिवाजी दोन दिवस लेकीकडं नेरडीगोंड्याला गेले, तेवढ्यात समाजमंदिराच्या समितीचे अध्यक्ष उद्धवराव यांनी लेथ सजवायला निर्मलचा रंगारी बोलावला. शनिवारी भिवाजी परतले, तेव्हा ज्या गुळगुळीत पट्ट्यांवरून हत्याराचा गाडा सरकतो, त्यांवर सोनेरी मोर पिसारा फुलवून बसला होता. गाडा जागचा हलेना.

"उद्धवराव, हे काऊन केलं?"

"दादा, जुनं लोखंड वाईट दिसून राह्यलं होतं. मंत्री येऊन राह्यले ना."

"गाडा चिकटला!"

"उद्घाटनात गाडा कोण सरकवते? बटन दाबायचं, टाळ्या वाजवायच्या."

"मंग तुमच्या खोपडीवरबी एक मोर काढून घ्यायचा होता! बटन दाबलं का नाचला असता!"

भिवाजींनी मोरावर रॉकेलचा डबा उपडा केला. "चंपत, खरवड!"

"दादा, मोराचं डोकं ठेवू का?" चंपतनं भीतभीत विचारलं.

"डोक्यापासूनच सुरू कर!"

पिसारा अर्धा निघाला असेल. तेवढ्यात उद्धवरावांनी मेनस्विचचा फ्यूज काढून खिशात घातला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि कुलूप लावलं. "समाजाच्या वस्तूची नासधूस करून राह्यले तुमी! मंत्र्यांचा हात लागल्याशिवाय आता कोणाचाच लागणार नाही."

"अरे, त्याचा सोमवार आहे!" भिवाजी पत्र्यावर मुठी आपटत ओरडले. समितीनं त्याच रात्री बैठक घेऊन त्यांच्या सेवेबद्दल आभाराचा ठराव केला आणि शिकवण्यातून त्यांना मोकळं केलं.

रविवारी मांडव घातला, हार सुकले, मंत्री काही आले नाहीत. मंत्र्यांचं मंत्रिपद चार दिवसांपूर्वीच गेलं होतं. पेपर उद्धवरावांकडं येत होता, पण ते त्यात फक्त आपला फोटो शोधत.

सोमवारी चंपत निर्मलला गेला. वर्कशॉपवाल्यानं त्याला झाडलोटीला ठेवलं.