डिकीचा रॅक

सुभेदार लालासाहेब फौजेतून रिटायर होऊन साताऱ्यात राहायला आले, त्याला चार वर्षं झाली होती. सव्वीस वर्षांची नोकरी मालाच्या ट्रकवर गेलेली. लडाखमध्ये एकदा ट्रक उलटला आणि डावा खांदा निखळला. डॉक्टरांनी तो बसवला, पण हात कानाच्या वर जायचा कायमचा थांबला. हे त्यांच्या बायकोला, रेश्माला, माहीत होतं. बाकी कुणाला त्यांनी कळू दिलं नव्हतं.

मुलगी प्रियदर्शनी सतरा वर्षांची. ती रस्त्यावरच्या सायकल शर्यतींत उतरायची आणि बहुतेक वेळा पहिल्या तिघींत यायची. रोज पहाटे ती पुढं आणि लालासाहेब मोटरसायकलवर मागं, असा त्यांचा सराव चाले. शर्यत बाहेरगावी असली की सायकलचं पुढचं चाक काढून ती कारच्या मागच्या सीटवर आडवी कोंबायची. तासगावच्या शर्यतीला जाताना अशीच दाबून गिअर वाकला आणि प्रियदर्शनी अर्ध्यातून बाहेर पडली. गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "पप्पा, सायकलसाठी गाडीला रॅक घेऊया आता."

विट्याची शर्यत रविवारी होती. गुरुवारी तिघं पोवई नाक्याजवळच्या, गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात गेली. दुकान जयराज नावाच्या पस्तिशीतल्या माणसाचं. त्यानं आधी बाहेर येऊन गाडीला एक फेरी मारली, डिकी उघडून तिची कड बोटांनी चाचपली आणि मग बोलायला लागला.

"तीन प्रकार आहेत, सुभेदार. एक बंपरखाली हूक बसवून त्यावर चढवायचा. तो सगळ्यात मजबूत, पण हूक मागवायला पंधरा दिवस लागतील. दुसरा टपावरचा. आज बसवून देतो. तिसरा हा, डिकीला पट्ट्यांनी बांधायचा. पण हा तुमच्या गाडीला चालणार नाही."

"का न्हाई चालणार?"

"डिकीची ही वरची कड प्लास्टिकची आहे. पट्ट्यांचे हूक पत्र्याला धरायला पाहिजेत, इथं पत्रा हाताला लागतच नाही. आज धरंल, उद्या चिरंल. टपावरचा घ्या."

टपावरच्या रॅकचा नमुना भिंतीला लावलेला होता. लालासाहेबांनी तो पाहिला. सायकल दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलायची, चाक पन्हाळीत बसवायचं, मग वरून चाप लावायचा. त्यांचा हात नकळत खांद्याकडं गेला.

"सायकल हलकी आहे, मी चढवते की," प्रियदर्शनी म्हणाली. "गाडीच्या दारात उभं राहिलं की हात पोचतो."

शर्यतीच्या मैदानावर सगळ्यांचे बाप उभे आहेत आणि आपली पोरगी दारावर चढून सायकल काढते आहे, आपण खाली नुसते बघतो आहोत, हे चित्र लालासाहेबांच्या डोळ्यांपुढून गेलं.

"टपावर वारा लय लागतो. गाडी हलती," ते म्हणाले. "डिकीचाच द्या."

"आवं, ते नको म्हणतायत ना," रेश्मा हळूच म्हणाली.

"सव्वीस वर्षं लोड बांधलाय मी. बर्फात बांधलाय. मला बांधायचं शिकवू नका."

जयराजनं रॅक काढून समोर ठेवला. मग म्हणाला, "मी बसवून देणार नाही. घ्यायचाच असला तर तुमच्या जबाबदारीवर घ्या."

त्यांनी तो घेतला.

रविवारी पहाटे पाचला त्यांनी स्वतः सायकल बांधली. सहा पट्ट्या आणि वर एक सुती दोर. हलवून पाहिलं तर जागची हलत नव्हती. पुसेगाव गेलं, वडूज गेलं. उजाडलं होतं. मायणीच्या अलीकडं रस्त्यावर एक गतिरोधक आला. त्याचे पांढरे पट्टे पुसून गेलेले, त्यामुळं तो लालासाहेबांना उशिरा दिसला. गाडी उडाली आणि मागं काहीतरी कडकन मोडलं.

त्यांनी आरशात पाहिलं. सायकल एका बाजूनं लोंबकळत होती, हॅण्डल रस्त्याला घासत होतं. ब्रेकवर पाय जाईपर्यंत ती सुटली. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला वळायला जागाच मिळाली नाही.

तो चाळिशीच्या आतला माणूस होता. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याचं नाव बिराप्पा, हे नंतर कळलं. बहिणीकडं वडूजला मुक्कामाला आला होता आणि पहाटे उठून आटपाडीकडं आपल्या वस्तीवर निघाला होता. लालासाहेबांनी आणि रस्त्यावरच्या दोघांनी मिळून त्याला मागच्या सीटवर घेतलं. रेश्मानं गाडी वडूजकडं वळवली. प्रियदर्शनी पुढं बसली होती. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

लालासाहेबांच्या मांडीवर बिराप्पाचं डोकं होतं. थोडा वेळ तो शुद्धीत होता.

"मेंढरं कोंडल्यात," तो म्हणाला. "अंबूला सांगा. सोड म्हणावं."

"सांगतो, गड्या. बोलू नको."

"ऊन हुईल. सोड म्हणावं."

"सांगतो."

मग तो बोलला नाही. वडूजच्या दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी नाडी पाहिली, गेला म्हणाले आणि तपासायच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

दुपारी पोलीस ठाण्यात जबाब झाला. हवालदार लिहीत होता. रेश्मा आणि प्रियदर्शनी बाहेर लिंबाखाली बाकावर होत्या.

"रॅक कुणी बसवला?"

"मी."

"दुकानदारानं काय सांगितलं नव्हतं का, बसतोय, न्हाई बसत?"

लालासाहेबांच्या शर्टावरचं रक्त वाळून कडक झालं होतं. ते त्या डागाकडं बघत होते.

"चालतंय म्हणाला तो," ते म्हणाले.

हवालदारानं लिहून घेतलं आणि खाली सही घेतली.

पाचव्या दिवशी जयराज घरी आला. त्याला ठाण्यातून फोन गेला होता. दुकानाची कागदपत्रं घेऊन हजर राहा म्हणून. तो बसला नाही.

"सुभेदार, मी तुमाला काय म्हणालो होतो?"

लालासाहेब खुर्चीत बसून होते.

"मी लिहून घेतलं नाही, ही माझी चूक. फौजेतला माणूस आहे, कशाला लिहून घ्यायचं, असं वाटलं मला."

स्वयंपाकघराच्या दारातून प्रियदर्शनी म्हणाली, "काका, तुम्ही नको म्हणाला होता. मी ऐकलंय. आईनं पण ऐकलंय."

जयराजनं तिच्याकडं पाहिलं. मग लालासाहेबांकडं. रेश्मानं चहा आणून ठेवला होता, त्याला त्यानं हात लावला नाही. चपला घालून निघून गेला.

केससाठी धरलेल्या वकिलांनी बजावलं होतं की आता जबाब बदलू नका. मेलेल्याच्या डोक्याला हेल्मेट नव्हतं, रस्त्यावरचे पट्टे पुसलेले होते, रॅक दुकानदारानं दिला होता. तीन ठिकाणी दोष वाटला गेला की तुमच्याकडं फारसा राहत नाही. लालासाहेब आठ दिवस त्यावर बसून राहिले. सकाळी जाग यायची, पण मोटरसायकल काढायला कारण उरलं नव्हतं. प्रियदर्शनी उठायची, आंघोळ करून कॉलेजला जायची. त्यांच्याशी कामापुरतं बोलायची, तेसुद्धा आईकरवी.

नवव्या दिवशी जेवताना रेश्मा म्हणाली, "काय ते एकदा ठरवा. खरं सांगायचं तर जाऊन सांगा. न्हाई तर पोरीला समोर बसवून शिकवा, वेळ आली की खोटं कसं बोलायचं ते. तिचं तिनं शिकायला नको."

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं वडूजला गेले. गाडी चालवायची त्यांची हिंमत होत नव्हती. हवालदाराला म्हणाले, "पुरवणी जबाब द्यायचाय. दुकानदारानं मला दोनदा नको म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाई."

"का ऐकलं न्हाई?" हवालदारानं विचारलं. ते जबाबासाठी नव्हतं, त्याला स्वतःलाच जाणून घ्यायचं होतं.

"दुसरा रॅक टपावर चढवायचा होता. माझा हात वर जात न्हाई. पोरीच्या देखत ते दिसलं असतं."

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "हे लिहू?"

"लिवा."

तिथून ते आटपाडीच्या एसटीत बसले. बिराप्पाची वस्ती गावाबाहेर दोन मैलांवर होती. डाळिंबाच्या चार ओळी, पत्र्याचं घर, बाजूला मेंढ्या कोंडायचा काट्याकुट्यांचा रिकामा वाडगा. मेंढ्या चरायला गेल्या होत्या. अंबूबाई, बिराप्पाची बायको, उंबऱ्यात ज्वारी निवडत बसली होती. लालासाहेबांनी नाव सांगितलं तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं, पण उठली नाही.

"माझी चूक हाय," लालासाहेब उभ्यानंच म्हणाले. "रॅक बसत न्हाई म्हणून सांगितलं होतं मला. मी आज पोलिसांत तसं लिहून दिलंय."

तिनं हे ऐकलं की नाही, ते त्यांना कळेना.

"गाडीत तुमीच व्हता नव्हं त्येंच्याजवळ?"

"व्हय."

"काय बोललं का?"

"मेंढरं कोंडल्यात म्हणाले. अंबूला सांगा, सोड म्हणावं. ऊन हुईल म्हणाले. मी सांगतो म्हणालो, पण त्यांचा फोन फुटला होता. नंबर कुणाचा माहीत नव्हता."

अंबूबाईनं डाळिंबांकडं पाहिलं.

"सोडली व्हती की," ती म्हणाली. "दिस उगवायच्या आत सोडली व्हती मी. रोज मीच सोडती. त्येंला काय म्हायती न्हाई व्हय?"

मग तिनं पदर तोंडाला लावला आणि ती वाकली. लालासाहेब पुढं सरकले तसा तिनं हात आडवा केला.

"जावा आता. सासरं रानातनं येतील, त्येंच्या आत जावा. आन परत येऊ नगा. माज्याच्यानं तुमाला बघवायचं न्हाई."

ते सडकेपर्यंत चालत आले. दोन तास एसटी नव्हती.

केस वडूजच्या कोर्टात उभी राहिली आणि अजून चालू आहे. तारखेला जयराजलाही साक्षीला यावं लागतं. वऱ्हांड्यात एकच बाक आहे, त्याच्या एका टोकाला तो बसतो, दुसऱ्या टोकाला लालासाहेब. पहिल्या तारखेला त्यांनी त्याच्यापुढं हात जोडले होते. जयराज म्हणाला, "राहू द्या, सुभेदार," आणि मोबाइल बघू लागला. त्यापुढं दोघं बोललेले नाहीत.

प्रियदर्शनीनं सायकल पुन्हा धरली नाही. बारावी झाल्यावर ती सांगलीला मावशीकडं शिकायला गेली. फोन आईला करायची. दिवाळीला आली तेव्हा एका सकाळी रेश्मा बाजारात गेली होती आणि घरात बापलेक दोघंच होती. ती फराळाचं ताट घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"पप्पा, एक विचारू? तुम्ही ठाण्यात त्या दुकानातल्या काकांचं नाव का घेतलं?"

वकिलाला, हवालदाराला, नातेवाइकांना त्यांनी बरंच काही सांगितलं होतं. त्यातलं काही त्यांना आठवलं नाही.

"भ्यालो होतो, पोरी."

प्रियदर्शनीनं मान हलवली. ती उठून गेली नाही. चकलीचा तुकडा मोडून खात राहिली, आणि लालासाहेब तिच्यासमोर मान खाली घालून बसून राहिले.