चिकटवलेलं पान

"ते पान ओलीनं चिकटलेलं न्हाय, पोरी. म्या चिकटवलंय. खळ लावून."

धुळाप्पा गुरुजींनी हे इतक्या सहज सांगितलं, की श्रावस्तीच्या हातातली वही हातातच राहिली. विज्ञानाच्या इतिहासावर ती धाराशिवात प्रदर्शन उभं करत होती, आणि माकणीजवळच्या या गावात तिला सापडलेली ही वही म्हणजे घबाडच! त्र्याण्णवच्या भूकंपाआधी वर्षभर इथली जमीन गुरगुरत होती. गावात यंत्र कुठलं आलंय? पण गुरुजींच्या बायकोनं, शिवकांताबाईंनी, मांडणीवर तांबे कडेला कड लावून ठेवले होते. धक्का बसला की ते वाजायचे. बाई हाक मारायच्या, गुरुजी घड्याळ पाहून लिहायचे. तारीख, वेळ, किती तांबे वाजले. अशा एकशे एकोणीस नोंदी. 'गावचा शास्त्रज्ञ' असा फलक श्रावस्तीनं मनातल्या मनात रंगवूनही टाकला होता.

तिनं ओल्या फडक्यानं खळ सैल केली. पान सुटलं.

'२९ सप्टेंबर. सतरा दिवस तांबे वाजले नाहीत. धोका टळला. लोकांना घरात झोपण्यास सांगितले.'

"लोक अंगणात झोपत हुते," गुरुजी म्हणाले. "शिवकांता म्हणली, अजून आठ दिस ऱ्हाऊ द्या. म्या हसलो. आकडे खोटं बोलत न्हाईत, म्हणलं. आन् म्या कुठं? विसर्जनाहून उशीर झाला म्हणून शाळेच्या वट्यावर. उघड्यावर!"

पहाटे घरं बसली. शिवकांताबाई आत होत्या.

 श्रावस्ती एरवी पुरावा मिळाला की हरखून जाणारी बाई. आज मात्र वाटलं, पान होतं तसं चिकटवावं आणि गुमान निघून जावं.

"गुरुजी, मी दुसरं एखादं पान उघडं ठेवते. लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"बत्तीस वर्षं कुणी काय म्हणलं न्हाय, पोरी. भेटलं की रामराम घालत्यात, च्या पाजत्यात. त्येच सोसंना आता. हेच पान ठिव, न्हायतर वही ठिव माघारी."

प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी गावातल्या धुरपदाबाई आल्या. भूकंपात त्यांचे दोन्ही मुलगे गेले होते. काचेखाली तेच पान उघडं होतं, जवळच गुरुजी उभे होते. काचेपाशी थांबून त्या म्हणाल्या, "मला अक्षर येत न्हाय. तुमीच वाचा की, गुरुजी."

गुरुजींनी वाचलं. एकही शब्द गाळला नाही. धावत जाऊन मध्ये उभं राहावं असं श्रावस्तीला वाटलं, पण ती रांगेपाशीच थांबली.

"म्होरं?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"म्होरं कोरं हाय."

"व्हय," त्या म्हणाल्या. "पोरांचं अंथरूण म्या दारातच टाकलं हुतं. तुमचा निरोप आला, मग आत घेतलं."

पदर सावरून त्या तिथंच उभ्या राहिल्या. शेजारी गुरुजीही. मागं रांग खोळंबली होती. श्रावस्तीनं कुणालाच पुढं सरका म्हटलं नाही.