हायफनेशन चालू

आलोक सरांनी अब्बांना चपलांच्या रॅकशेजारी बसवलं, त्याच दिवशी मी ठरवलं की या माणसाची जिरवायची.

लातुरात आमचा छापखाना होता. भूकंपाच्या पहाटे घर शाबूत राहिलं, पण छापखान्यातले शिशाच्या खिळ्यांचे सगळे खण जमिनीवर आले. लहानमोठी अक्षरं एकमेकांत मिसळून नुसता ढीग झाला. अब्बा म्हणाले, हे निवडत बसलो तर हयात जाईल. त्यांनी शिसं विकलं, कॉम्प्युटर घेतला आणि मला डीटीपी शिकायला घातलं. तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत आलोक नावाचा एक हडकुळा मास्तर ट्यूशन घ्यायचा. त्याच्या पहिल्या नोट्स मी टाइप केल्या आणि अब्बांनी लाल पेन्सिलीनं तपासल्या.

मग लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. मास्तरचे सर झाले, सरांची इमारत झाली आणि आमचा छापखाना तिच्या पोटात गेला. मी तिथं पगारी ऑपरेटर झाले, अब्बा प्रूफ तपासू लागले. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक बारीक ओळ असायची : मुद्रितशोधन – ताहेर. घरी नवीन पुस्तक आलं की अब्बा आधी तेच पान उघडायचे.

एका जूनमध्ये ती ओळ गायब झाली. अब्बा विचारायला गेले. सरांनी त्यांना पालकांच्या गर्दीत, चपलांच्या रॅकशेजारी, दुपारपर्यंत बसवून ठेवलं. मग केबिनबाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "चाचा, तुमचा जमाना खिळ्यांबरोबर गेला. कॉम्प्युटर चूक करत नाही. घरी बसा, आराम करा." लोक हसले. अब्बा खाली वाकून आपल्या चपला शोधत राहिले. मी काचेपलीकडून बघत होते.

पुढच्याच महिन्यात कळलं की माझ्या जागी सरांची भाची मालविका येणार. तिला शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. शिकवलं की. एक गोष्ट सोडून सगळं शिकवलं.

आमच्या त्या सॉफ्टवेअरला मराठी कळत नव्हती. फॉन्टमुळे पानावर मराठी दिसायची, पण आतून ते सगळं इंग्रजीच समजायचं. त्यात हायफनेशन नावाची एक सोय होती. ओळीत शब्द मावला नाही की तो तोडायचा आणि तिथं आडवी रेघ टाकायची. इंग्रजीला ते शोभतं. मराठीत अक्षर एका ओळीत राहतं, त्याचा काना दुसऱ्या ओळीत जातो, आणि आमच्या फॉन्टमध्ये तर रेघेच्या जागी भलतंच चिन्ह उमटायचं. म्हणून डीटीपी शिकून काम सुरू केलं त्या दिवशीच मी ते बंद केलं होतं, आणि तेही एकही फाइल उघडी नसताना. फाइल उघडून बदललं तर ते त्या फाइलपुरतं. सगळ्या बंद करून बदललं, तर पुढच्या प्रत्येक नव्या फाइलला तोच नियम.

शेवटच्या दिवशी मी सगळ्या फाइल बंद केल्या आणि हायफनेशन चालू केलं. दुकानातून येतं तेव्हा ते चालूच असतं, मी फक्त ज्याचं त्याला परत केलं. जुन्या नोट्सना त्यानं धक्का लागणार नव्हता. पोरांशी माझं वैर नव्हतं. नवीन फाइल उघडायची होती ती नांदेडच्या नव्या शाखेसाठी. उद्घाटनाला फुकट वाटायची पुस्तिका होती. तिचं कव्हर, सरांच्या हसऱ्या फोटोसकट, मी आधीच करून दिलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी अब्बांना खालाकडे, माझ्या मावशीकडे, जाऊ म्हणून एसटीत बसवलं आणि नांदेडला उतरल्यावर थेट त्या हॉलवर नेलं. दारातच पुस्तिका हातात पडली. मालविकानं पानं दोन अरुंद कॉलमांत भरली होती, म्हणजे तुटायला ओळीही दुप्पट. छापण्याआधी कुणी वाचलंच नव्हतं. वाचणारा घरी आराम करत होता.

सर माइकवर गुणवत्तेबद्दल बोलत असताना रेल्वेच्या गणवेशातले एक गृहस्थ उभे राहिले. "सर, ह्ये कोणत्या भाषेत हाय? माझ्या पोराला वाचता येऊन नाही राहिलं."

अख्खा हॉल हसला. सरांनी पुस्तिका उघडली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. मालविका रडकुंडीला आली. तिची मला कीव आली, पण थोडीच. बाकी मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

शेजारी बघते तर अब्बांनी खिशातून लाल पेन्सिल काढलेली. गुडघ्यावर पुस्तिका ठेवून ते एकेक तुटका शब्द जोडत होते. आयुष्यभर चुकीच्या छपाईला पाप म्हणणारा माणूस. हे आता सगळं सुधारून सरांच्याच हातात देणार, असं वाटलं.

सरांनी ते पाहिलं आणि माणसं बाजूला सारत आमच्याकडे आले. "चाचा, बरं झालं आलात. ती प्रत द्या, उद्याच्या आत दुसरी छापून घेतो. तुमचं नाव पुन्हा टाकतो. शेवटच्या पानावर, पहिल्यासारखं."

अब्बांनी पेन्सिल थांबवली. त्या ओळीसाठी ते दुपारपर्यंत चपलांपाशी बसले होते, हे मला ठाऊक होतं.

अब्बांनी पुस्तिकेची घडी घातली आणि शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवली.

"कशापायी, सर?" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कॉम्प्युटर चूक करत न्हाई."

परतीच्या एसटीत त्यांनी पुस्तिका पुन्हा काढली आणि राहिलेली पानं तपासू लागले. लोहा गाव मागे पडलं तरी पेन्सिल चालूच होती. शेवटचं पान झाल्यावर पेन्सिल खिशाला लावली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ये तेरा काम है?"

घरात आमची दखनी चालते, आणि त्या दखनीत मी लहानपणापासून बोलणी खाल्लेली. मान खाली घालून म्हटलं, "हौ, अब्बा."

त्यांनी पुस्तिका मिटली. वर सरांचा फोटो, मोठ्या अक्षरांत सरांचं नाव, सगळं जिथल्या तिथं, नीटनेटकं. अब्बांनी त्यावर बोट ठेवलं.

"कव्हर कायकू छोड दी?"