खोकडाच्या बिळाचा ठिपका

खोकडाची एक मादी, तिची चार पिल्ले, तीन तोंडांचे एक बीळ आणि बिळाशी पडलेले सरड्याचे शेपूट. मित्रांनो, एवढे माझ्या पोटात लिहिलेले आहे. मी मोबाईलच्या नकाशावरचा एक नारिंगी ठिपका आहे.

मला काळेवाडीच्या मैत्रीने बनवले. ती प्राणिशास्त्राची पदवी घेऊन चाकणच्या एका कारखान्यात नुकतीच नोकरीला लागली होती. आपल्या भागातले प्राणी कुणालाही नोंदवता यावेत, असे एक सोपे ॲप तिच्याकडे होते. नाव लिहायचे, बटण दाबायचे, की मोबाईल असेल त्या जागी ठिपका उमटतो. मी तिचा पहिलाच ठिपका.

कारखान्यामागच्या माळावर तिने ती पिल्ले लांबून, दुर्बिणीतून पाहिली. तिथे रेंज नव्हती. म्हणून ती रस्त्यावर चहाच्या टपरीजवळ कडुनिंबाखाली आली, रेंज मिळताच तिने बटण दाबले आणि मी जन्मलो.

घरी माझे फार कौतुक झाले. "पप्पा, बघा, चाकणला खोकड!"

"कोल्हा म्हण की," तिचे वडील साहेबराव म्हणाले.

"कोल्हा मोठा असतो. खोकडाच्या शेपटीचं टोक काळं असतं."

"बरं बाई. माझा चष्मा कुठं ठेवलाय, त्याचा पण एक ठिपका टाक."

मग माळावर गोदाम बांधायचे ठरले. मैत्री शिफ्टला जाता जाता तिथला मुकादम नवनाथ याला भेटली.

"भाऊ, माळावर बिळात खोकडाची चार पिल्लं आहेत. मोठी व्हायला महिनाभर लागेल. तेवढी जागा सोडाल?"

"ताई, हितं माणसासाठी काम थांबत न्हाई." मग त्याने माळाकडे नजर टाकली. "चार हायत म्हणता? बारकी? दाखवा जागा, सोडतो तेवढा तुकडा."

"आत्ता शिफ्ट आहे. नकाशा पाठवते. ठिपक्याभोवती सोडा."

"मोबाईलवर हाय ना? मग झालं."

नवनाथने शब्द पाळला. यंत्रे येण्याआधी तो मोबाईल हातात धरून चालत आला आणि माझ्यावर येऊन उभा राहिला. माझ्याभोवती त्याने चुन्याच्या फक्कीचे रिंगण काढले, चार बांबू रोवून लाल कापड बांधले.

टपरीवाला हसला. "मुकादम, माझ्या टपरीला कंपाउंड घालता का काय?"

"गप रे. हितं पिल्लं हायत."

"हितं? माझ्या फुटक्या कपांशिवाय हितं काय न्हाई, राव."

"मग मोबाईल खोटं बोलतो व्हय? लपली असतील."

दोन दिवस रिंगणात कुणी पाय ठेवला नाही. एक डंपर आत येऊ लागला, तर नवनाथ आडवा झाला. माझी इतकी काळजी कधीच कुणी घेतली नव्हती. मीही पिल्लांची वाट पाहत होतो. पोटात लिहिलेली ती चार पिल्ले मला एकदा तरी पाहायची होती. पलीकडे माळावर यंत्रांचा आवाज चालूच होता.

तिसऱ्या दिवशी शिफ्ट संपवून मैत्री आली. नवनाथ लगबगीने पुढे आला.

"बघा ताई, तुमच्या ठिपक्याला धक्का लागू दिला न्हाई."

मैत्रीने रिंगण पाहिले. वर कडुनिंबाकडे पाहिले. मग तिने माळाकडे पाहिले. तिथे सपाट केलेल्या मुरुमावर रोलर फिरत होता.

"इथे नव्हतं, भाऊ."

"मग कुठं?"

तिने रोलरकडे हात केला. नवनाथने डोक्यावरचे हेल्मेट काढले. "ताई, मी तर..."

"तुमचं काही चुकलं नाही."

मित्रांनो, मला उमटवायला एक बोट पुरते. पण उमटवल्यावर एकदा माझ्याजवळ परत या आणि पायाखाली बघा. जे लिहिले ते तिथे आहे का, एवढे बघा. कारण जो माझ्यावर विश्वास ठेवेल, तो फक्त मलाच वाचवेल.

मैत्रीने मला पुसले नाही. ती मुरुमावरून चालत गेली, बीळ होते तिथे उभी राहिली आणि माझ्या पोटात आणखी एक ओळ लिहिली. ठिपक्यापासून बिळापर्यंतचे अंतर दोनशे बारा मीटर.