इदालिनाचे हात

"लिंबाचा?" ज्युदित मावशी मध्येच म्हणाली. "अगं ग्रासिएत, सार्डिन मासळीचे डबे भरणाऱ्या बाईच्या हाताला लिंबाचा वास? आमच्या मागे तर गल्लीतली मांजरं वरातीसारखी चालायची!"

वाचनालयाच्या खोलीत खसखस पिकली. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरल्या मातोसिन्योसच्या म्हाताऱ्या दर बुधवारी इथे जमून आपापल्या आठवणी लिहीत. त्यांचं पुस्तक निघणार होतं आणि पानं द्यायचा आज शेवटचा दिवस. ग्रासिएतने आईवर लिहिलं होतं. 'माझ्या आईच्या हातांना लिंबाचा वास यायचा,' एवढंच वाचून झालं होतं.

"यायचा, मावशी. मला आठवतो."

"असेल बाई. तुझं नाक शिकलेलं!"

पुन्हा हशा. शिकवणारा तेल्मो समजुतीने म्हणाला, "वाक्य छान आहे हो, ग्रासिएतबाई. पण आई दिसत नाही त्यात. आणखी कसे होते हात?"

कसे होते ते ग्रासिएतला पाठ होतं. होड्या धक्क्याला लागल्या की कारखान्याचा भोंगा व्हायचा, आणि आई हातातला घास ताटात टाकून मासळीचे डबे भरायला धावायची. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या, लहान मुलांच्या प्रसादविधीच्या मिरवणुकीत त्याच हाताने तिने लेकीचा हात धरला. मैत्रिणींनी नाकं मुरडली. पांढऱ्या झग्यातल्या ग्रासिएतने हात झटकला, "सोड ना, घाण वास येतोय!" आईने हात शालीत घेतला. दुसऱ्या दिवसापासून लिंबू सुरू झालं.

हसणं ओसरलं तशी ज्युदित मावशी हळूच म्हणाली, "चोळायची खरी तुझी आई इदालिना लिंबू. पत्र्याने बोटं चिरलेली, त्यात मिठाचं पाणी, वर हिचं लिंबू. डोळ्यांतून घळाघळा धारा. आम्ही म्हणायचो, 'कशाला गं जिवाचे हाल?' तर म्हणायची, 'लेकीचं नाक नाजूक आहे माझ्या.' कौतुकाने सांगायची हो!"

कौतुकाने. ग्रासिएतने साठ वर्षं जे सुगंध म्हणून जपलं, ती आईच्या बोटांची आग होती.

तिने ओळ खोडली. खाली लिहीत गेली. पुस्तक सगळं गाव वाचणार, हे ठाऊक असूनही लिहीत गेली. मग उभी राहिली.

"माझ्या आईच्या हातांना मासळीचा वास यायचा. मिठाचा, तेलाचा, रक्ताचा. नखांत खवले चमकायचे. कम्युनियनच्या दिवशी मी तो हात झटकला. मग ती चिरांवर लिंबू चोळू लागली. पुरे कर, असं मी तिला कधीच म्हटलं नाही."

कुणी हसलं नाही. पान घ्यायला तेल्मोने पुढे केलेला हात तसाच राहिला.

ज्युदित मावशीने शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि उशिरा आलेल्या जुन्या मैत्रिणीला जागा द्यावी, तशी जराशी सरकून बसली.