एकशे तेरावी

शीर्षक (जास्तीत जास्त वीस शब्द)

एकट्या राहणाऱ्या वृद्धांमध्ये खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर संभाषण आणि जिना चढण्याची क्षमता: एक वर्षाचा पाठपुरावा.

तेरा शब्द. सात उरले. कशाला वापरायचे कळेना, तसेच सोडले.

लेखक

पहिलं नाव माझं. या इस्पितळात मी अकरा वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे. तेवढ्या काळात चार लेखांच्या शेवटी, आभारांमध्ये, माझं नाव आलं. त्यातही एकदा चुकीचं छापून. या वेळी पहिलं.

शेवटचं नाव आमच्या विभागप्रमुखांचं. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. मधलं नाव आकडेवाल्यांचं. ते संख्याशास्त्रज्ञ. तळमजल्यावर बिनखिडकीच्या खोलीत बसतात आणि आत येणाऱ्या माणसाकडे, त्याला भाग जाईल का, अशा नजरेनं बघतात.

नियतकालिकाच्या संकेतस्थळावर प्रत्येक गोष्टीला एक चौकट आहे. एक भरल्याशिवाय पुढची उघडत नाही. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच. आज मंगळवार.

पद्धत

पासष्टच्या वरची, घरात एकटी राहणारी, खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली माणसं घेतली. प्रत्येकाची लेखी संमती. सहाव्या महिन्यात एक फोन, बाराव्या महिन्यात एक. फोन मीच करायचा, कारण इतर कुणाला वेळ नव्हता. प्रश्न पाच, ठरलेल्या शब्दांत, त्यात आपलं काही घालायचं नाही. आधाराशिवाय जिना चढता का? आठवड्यात कामाव्यतिरिक्त किती वेळा घराबाहेर पडलात? झोप? भूक? आणि पाचवा: कामाव्यतिरिक्त, सलग पाच मिनिटांहून जास्त, शेवटचं कुणाशी बोललात?

पाच मिनिटं हा आकडा मोठ्या बाईंनी ठरवला. त्याच्या आतलं बोलणं म्हणजे दूधवाला, शेजारी, चुकून लागलेला नंबर. ते धरायचं नाही.

चौसष्टाव्या क्रमांकाचे गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करणारे. चाळीस वर्षं इतरांच्या लिफ्ट चालू ठेवल्या आणि स्वतः तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. सहाव्या महिन्याच्या फोनवर त्यांनी पाच उत्तरं नीट दिली आणि म्हणाले,

"आता तुमचं सांगा, डॉक्टरीणबाई."

"काका, मी डॉक्टर नाही. फिजिओथेरपिस्ट."

"फोनवर सगळे डॉक्टरच. जिना चढता का?"

"चढते."

"आधाराशिवाय?"

"काका, मला पुढचे फोन करायचेत."

"पुढचा मला कधी?"

"सहा महिन्यांनी."

"अरे वा. म्हणजे लिफ्ट अडकली, घंटा वाजवली, आणि माणूस सहा महिन्यांनी येणार. आमच्या वेळी असं केलं असतं तर लोकांनी सोलून काढलं असतं."

मी हसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हसण्याचा आवाज खोलीत थोडा वेळ राहिला होता.

पुढच्या गुरुवारी मी त्यांना फोन केला. पद्धतीत हे नाही.

निष्कर्ष

इथे अडकलं आहे. मंगळवारी दुपारी आकडेवाल्यांचा फोन.

"फिजिओबाई, संमतिपत्रं किती?"

"एकशे बारा."

"मोजलीत?"

"दोनदा. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते."

"मग माझ्याकडे एकशे तेरा माणसं कशी? एकजण सही न करताच आत घुसलाय. खाली या."

खाली गेले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. शेवटची ओळ.

क्र. ११३. स्त्री. वय ४६. शस्त्रक्रियेची तारीख: कोरी. जिना: आधाराशिवाय. कामाव्यतिरिक्त घराबाहेर: ०. झोप: कमी. भूक: ठीक. शेवटचं कुणाशी बोललात: क्र. ६४.

"वय शहात्तर असेल, टायपिंगला चुकलं असेल," ते म्हणाले. "ते सोडा. ही खरी पंचाईत. एका रुग्णानं दुसऱ्या रुग्णाचं नाव सांगितलंय. नाव नाही, क्रमांक सांगितलाय! यांना एकमेकांचे क्रमांक कळले कसे?"

"उडवता येईल ना ही ओळ?"

"येईल की. पण कारण लिहावं लागेल. मी कारणाशिवाय माणूस उडवत नाही."

"उद्या सांगते," मी म्हणाले.

तक्ता १. सहभागींची वैशिष्ट्यं

मी जेवते आमच्या व्यायामखोलीत. तिथे सरावाचा लाकडी जिना आहे. चार पायऱ्या वर, एक छोटा चौथरा, चार पायऱ्या खाली. दोन्ही बाजूंना कठडे. तो कुठेही जात नाही. रुग्ण वर चढतात, वरून खोली बघतात, उतरतात, आणि आम्ही टाळ्या वाजवतो. जेवणाच्या सुट्टीत तिसरी पायरी माझी.

बुधवारी डबा उघडलाच नाही.

बाराव्या महिन्याच्या फोनवर लिफ्टवाले काका हटून बसले होते. "आज तुमचं कागदावर भरा. तोंडी नको. नाहीतर मी एकाही प्रश्नाचं उत्तर देणार नाही. करा काय करायचं ते." मला त्यांचा फॉर्म हवा होता. एक कोरा फॉर्म ओढला आणि ते विचारतील तसं भरत गेले. लिहिताना पेनाचा आवाज ऐकू यावा म्हणून मुद्दाम जोरात लिहिलं. क्रमांकाची जागा रिकामी ठेवली. पाचव्या प्रश्नावर नाव लिहायचं नसतं म्हणून सवयीनं क्रमांक लिहिला.

मग तो कागद फाडायचा राहिला. ट्रेमध्ये गेला, टाइप झाला. क्रमांक रिकामा दिसला की संगणक पुढचा देतो.

त्यांच्या फॉर्मवर पाचव्याचं उत्तर होतं: मुलाखत घेणाऱ्या बाई.

मी तक्ता काढून बघितला. एकशे तेरा माणसांत "घराबाहेर: ०" असे नऊजण. आठजणांचा खुबा मोडलेला होता.

सकाळी ताईचा फोन आला होता, मोठ्या बहिणीचा. "कशी आहेस, बरी ना, बरं ठेवते, कुकर लागलाय." बावन्न सेकंद. मी बघितलं.

खोटं कारण तयार होतं. सरावासाठी भरलेला नमुना फॉर्म, चुकून आत गेला. कुणी विचारलं नसतं. पण मग चौसष्टचं काय? आमचा सगळा लेख सांगतो की जे बोलतात ते जिना चढतात. चौसष्ट जिना चढत होते, तिन्ही मजले. आणि त्यांच्याशी बोलत कोण होतं? मोजणारीच. हे लपवून तो लेख माझ्या नावानं गेला असता, पहिल्या नावानं. आणि सांगितलं, तर पहिलं नाव राहील की नाही कुणास ठाऊक. शिवाय एक गोष्ट, जी मी ताईलाही सांगितलेली नाही, तळमजल्यावरच्या माणसाला सांगावी लागेल.

जिन्याच्या वरच्या चौथऱ्यावर जाऊन उभी राहिले. खोली तीच दिसली, थोडी खाली. उतरले ती सरळ तळमजल्यावर गेले.

विश्लेषण

"ती मी आहे," मी म्हणाले.

आकडेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. पडद्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

"शून्य?" ते म्हणाले.

"शून्य."

"भाजी कोण आणतं?"

"येताना घेते. ते कामावरून येणं. त्यात धरलं."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "व्याख्येप्रमाणे बरोबर आहे."

त्यांनी ओळ उडवली. कळा दाबल्या. आम्ही दोघं वाट बघत बसलो.

"सरासरी वय तीन महिन्यांनी वाढलं," ते म्हणाले. "तुम्ही गेलात आणि सगळे तीन महिन्यांनी म्हातारे झाले. बाकी काही हललं नाही."

"काहीच नाही?"

"दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत नाही. चौसष्टला वगळूनही बघतो." बघितलं. "तेही नाही. निष्कर्ष पक्का आहे, बाई. आनंद माना."

मी मानला. खुर्ची सरकवताना ते म्हणाले, "दुपारी मी इथेच असतो. चहा प्यायला... म्हणजे, तीन ते साडेतीन." आणि लगेच पडद्यात शिरले, जणू दुसऱ्याच कुणी म्हटलं.

अभ्यासाच्या मर्यादा

मोठ्या बाईंनी उभ्यानंच ऐकलं.

"किती फोन केलेस जादा?"

"एकेचाळीस."

"एकेचाळीस! अगं, माझ्या लेकीला मी वर्षात..." त्या थांबल्या. टेबलावरचे जुळलेलेच कागद पुन्हा जुळवले. "फॉर्मवर लिहिलेस ते?"

"नाही. वहीत तारखा आहेत."

"बंद कधी केलेस?"

"अभ्यास संपल्याचं पत्र आलं तेव्हा. सात महिने झाले."

"आणि त्यांना काय सांगितलंस?"

"अभ्यास संपला म्हणून सांगितलं. ते बरं म्हणाले."

त्या म्हणाल्या, "पहिलं नाव तुझंच राहील. पण मर्यादांमध्ये हे लिहायचं, स्वच्छ. आणि छापायच्या आधी त्यांची परवानगी घे. आजच. तारीख-वेळ नोंदव."

वाक्य मी असं लिहिलं: *एका सहभागीला मुलाखतकाराने नियोजनाबाहेर फोन केले, कारण तो सहभागी एकटा होता.*

खोडलं. सगळेच एकटे होते, त्याशिवाय अभ्यासात घेतलंच नसतं.

*…कारण सहभागीने तशी विनंती केली.* हे खरं नाही. त्यांनी चेष्टा केली होती.

*…कारण मुलाखतकार*

इथे बराच वेळ गेला.

शेवटी: *एका सहभागीला मुलाखतकाराने नियोजनाबाहेर एकेचाळीस फोन केले. त्यांना वगळून केलेल्या विश्लेषणात निष्कर्ष बदलले नाहीत.* कारण मागणारी चौकट संकेतस्थळावर नाही.

परवानगी

बुधवार, दुपारी चार वाजून सहा मिनिटं. व्यायामखोली रिकामी. मी वरच्या चौथऱ्यावर बसले. नंबर बघावा लागला नाही.

पाचव्या घंटेला फोन उचलला. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी बाई मोठ्यानं काहीतरी विचारत होती.

"काका, मी इस्पितळातून..."

"डॉक्टरीणबाई! अभ्यास संपला होता ना?"

"संपला. एक परवानगी हवी होती." वाक्य वाचून दाखवलं.

"एकेचाळीस? मोजलेत?"

"वहीत लिहिलेत."

"छापा की. माझं नाव येणार?"

"नाही. क्रमांकही नाही."

"मग माझं काय कौतुक! बरं, छापा, छापा." मग फोनपासून तोंड वळवून, "अगं आलो! इस्पितळाचा फोन आहे! मेलो नाही, परवानगी मागतायत!" आणि परत माझ्याशी, "धाकटी बहीण. पाच महिने झाले इकडे राहायला आणलं तिनं. पहिल्या मजल्यावर. दिवसभर डोकं खाते. अर्धा तास भांडलो आत्ता, मिठावरून."

"छान झालं, काका."

"कसलं छान. गुरुवारी थोडे दिवस फोनजवळ बसायचो. मग ही घेऊन आली." ते खाकरले. "परवानगी झाली ना लिहून?"

"झाली."

"मग तुमचं सांगा. जिना?"

"चढते." मी खाली बघितलं. चार पायऱ्या. "आत्ता वरच आहे."

"बाहेर?"

"तेवढंच."

"झोप, भूक सोडा, ते मला आवाजावरून कळतंय. पाचवं?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजून दहा.

"काका, अजून चारच मिनिटं झालीत."

मागून बहिणीनं पुन्हा हाक मारली. त्यांनी फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज आला, मग सगळं दबकं झालं, मग ते परत.

"चाराचं धरत नाही तुम्ही."

"नाही."

"थांबतो मग," ते म्हणाले.

त्यांच्याकडे कुणीतरी नळ सोडला, बंद केला. माझ्याकडे सेकंदकाटा सहापर्यंत उतरला आणि वर यायला लागला.